थंडीत साप-कासवं पाठवताना: गोव्यात या कामाला लागणाऱ्यांसाठी

‘गोव्यात थंडी असते कुठे, मग थंडीचं पॅकिंग शिकायचं कशाला?’ आमच्या कामात नव्याने येणारी मुलं हे हमखास विचारतात. पणजीत जानेवारीच्या रात्रीही पारा साधारण २० अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे प्रश्न चुकीचा नाही. पण पेटी पणजीत राहत नाही. फोंड्याहून निघाली की मोले, मग अनमोडचा घाट, आणि दोन-तीन तासांत ती बेळगावच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून ७५० मीटरच्या आसपास पोचते. हजार मीटर वर गेलं की हवा ढोबळमानाने साडेसहा अंशांनी गार होते. पुढे नागपूर किंवा दिल्ली गाठायची असेल तर पहाटेचा पारा दहाच्या खाली गेलेला असू शकतो. उलट विमानाने पाठवली, तर दुपारच्या उन्हात तापलेल्या धावपट्टीशेजारी तीच पेटी तासभर पडून राहू शकते. म्हणून पेटी भरायची ती वाटेतल्या सगळ्यात गार तासाचा आणि सगळ्यात गरम तासाचा विचार करून. आपल्या अंगणातली हवा इथे उपयोगाची नाही.

त्याआधी कायद्याचं बोलू. नाग, घोणस, अजगर, घोरपड, स्टार कासव हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. घरात शिरलेला साप पकडला तर वनखात्याला कळवायचं आणि तो जवळच्याच योग्य जागी सोडायचा. त्याला पेटीत घालून दुसऱ्या राज्यात न्यायचा प्रश्नच येत नाही. परदेशी जातींपैकी ज्या या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत, त्या बाळगणाऱ्याला पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. दोन प्राणिसंग्रहालयांमधली देवाणघेवाण असेल तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची परवानगी आधी हातात हवी. अमेरिकेतले व्हिडिओ पाहून मुलं विचारतात, कुरिअरने का नाही पाठवायचं? तिथे टपालखातंसुद्धा काही छोटे निरुपद्रवी सरडे आणि बेडूक स्वीकारतं, साप मात्र तिथेही टपालाने जात नाही. आपल्याकडे ही पद्धत डोक्यातून काढून टाका. इथे प्राणी जातो तो कागदपत्रांसह, जबाबदार माणसासोबत, गाडीने किंवा रीतसर विमान-कार्गोने. जप्तीतली कासवं, उपचारासाठी हलवायचे जखमी प्राणी, संग्रहालयांची अदलाबदल, असंच काम बहुतेक असतं. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये सिंगापूरहून ५१ स्टार कासवं विमानाने बेंगळुरूला परत आणली होती. या क्षेत्रात यायचं असेल तर अशी कामं डोळ्यांसमोर ठेवा.

आता जनावराकडे वळू. साप, पाल, कासव स्वतःच्या शरीरात पुरेशी ऊब तयार करत नाहीत, बाहेरून घेतात. हे पुस्तकातलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण पॅकिंगमध्ये त्याचा अर्थ फार थोड्यांच्या लक्षात येतो. नुसत्या गोधडीत गुंडाळलेलं मांजर ऊबदार राहतं, कारण ऊब त्याचीच असते. गोधडीत गुंडाळलेला अजगर फक्त सावकाश गार होतो. म्हणजे थर्माकोलची पेटी ऊब देत नाही, आत असलेली ऊब निसटू देत नाही, एवढंच. दुसरा अर्थ पोटाशी जोडलेला आहे. अंग गार झालं की पचन थांबतं आणि खाल्लेलं पोटातच कुजतं, किंवा प्रवासात ओकलं जातं. म्हणून निघण्याआधी उपास. लहान सापाला आठवडाभर, मोठ्या अजगराला दोन आठवडे, पालींना एक-दोन दिवस. पाणी मात्र निघेपर्यंत द्यायचं. पेटीत पाण्याची वाटी कधीच ठेवायची नाही. सांडलेलं पाणी आणि ओलं फडकं यांनी थंडी दुप्पट लागते.

सापासाठी सुती पिशवी. उलटी करून वापरा, म्हणजे शिलाईचे सुटे धागे बाहेर राहतात आणि त्यात खवले अडकत नाहीत. तोंडाला पीळ देऊन गाठ मारायची, गाठीखाली टेप. विषारी साप असेल तर पिशवीत पिशवी, ती कुलूप लागणाऱ्या टणक डब्यात, आणि डब्यावर सापाचं नाव ठळक. एकट्याने विषारी साप बांधायचा नाही, कितीही सराव असला तरी. जवळच्या कोणत्या इस्पितळात प्रतिविष मिळेल हे गाडी सुरू व्हायच्या आधी ठाऊक हवं. पालींना आणि कासवांना झाकणाला बारीक भोकं असलेले डबे, आत चुरगळलेला कागद. रिकामी जागा सोडू नका. वळणावर डबा सरकतो, आणि घाटात वळणं किती आहेत हे तुम्हाला माहीत आहे.

पेटीचा शोध घ्यायला मडगावच्या मासळी बाजारापलीकडे जावं लागत नाही. बर्फात मासे भरायच्या जाड थर्माकोल पेट्या थंडीतही तितक्याच उपयोगी. मात्र पेटी कोरी घ्या. मासळीचा वास धुऊन जात नाही, आणि वासाने साप अस्वस्थ होतो. थर्माकोलच्या बाहेर पुठ्ठ्याचं खोकं हवं, आणि दोन्हींना समोरासमोर वाऱ्याची भोकं.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो हीट पॅकचा, म्हणजे पेटीत ऊब देण्यासाठी ठेवायच्या पुडीचा. त्यात लोखंडाची पूड असते. हवेतला ऑक्सिजन लागला की ती गंजते आणि त्या क्रियेत उष्णता निघते. म्हणजे पॅकला हवा लागते. घट्ट बंद पेटीत तो विझल्यासारखा होतो, आणि आतला ऑक्सिजनही तोच वापरतो. भोकं जनावरासाठी जितकी, तितकीच पॅकसाठी. ट्रेकिंगच्या दुकानात मिळणारे हात गरम करायचे पॅक घेऊ नका. ते झटकन तापतात, ६० अंशांच्या वर जाऊ शकतात, आणि लवकर संपतात. पाठवणीसाठीचे ४० किंवा ७२ तासांचे पॅक वेगळे असतात, ते मंद तापतात. पॅक अर्धा-पाऊण तास आधी उघडून तापतोय का ते हात लावून बघायचं, कागदात गुंडाळायचा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवायचा, जनावराच्या अंगापासून दूर. वाटेतली रात्र १५-१६ अंशांखाली जाणार नसेल तर पॅक घालूच नका. थंडीची भीती सगळ्यांना असते, पण बंद पेटीतला उकाडा जास्त वेगाने मारतो. गारठलेला साप मंदावतो आणि बऱ्याचदा सावरतो. ३८-४० अंशांत अडकलेला सावरत नाही. गरम पाण्याच्या बाटल्यांचा सल्ला पुष्कळ लोक देतात. दोन-तीन तासांच्या प्रवासाला, फडक्यात गुंडाळून, ठीक. रात्रभराच्या प्रवासात पहाटेपर्यंत तीच बाटली गार होऊन उलट ऊब शोषून घेते.

हे सगळं रिकाम्या पेटीवर शिका. आत थर्मामीटरची तार, आकडा दाखवणारा भाग बाहेर, पॅक लावून पेटी रात्रभर गच्चीवर किंवा वाळपईसारख्या गारव्याच्या जागी ठेवा आणि दर तासाला आकडा लिहा. नवीन माणसाकडून मी आधी हीच वही मागतो. प्रमाणपत्रं नंतर बघू. वही नीट असेल तर तो माणूस जनावराकडेही तसाच बघेल, असा माझा अनुभव आहे.

गाडीने जायचं असेल तर पेटी सीटवर, बेल्ट लावून, गाडीतली हवा २५-२६ अंशांवर. डिकीत नको, एसीच्या झोतासमोरही नको. घाट दिवसा चढा. निघायचा वार सोमवार-मंगळवार ठेवा, म्हणजे काही अडलं तरी पेटी शनिवार-रविवारी बंद गोदामात राहत नाही. गोव्यात डिसेंबरचं कॅलेंडर वेगळं पाहावं लागतं: ३ तारखेचं जुन्या गोव्याचं फेस्त, १९ चा मुक्तिदिन, मग नाताळ. कचेऱ्या बंद असतात आणि रस्ते भरलेले.

घेणाऱ्या माणसाशी निघण्याआधी बोला. पेटी पोचली की ती हीटरसमोर ठेवू नका. खोलीच्या हवेत, झाकण किलकिलं करून, काही तासांत सावकाश ऊब येऊ द्या. आधी पाणी, खाणं चार-पाच दिवसांनी. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकाशी बुडबुडे, कासवाचं वाहणारं नाक ही फुप्फुसाच्या संसर्गाची लक्षणं असू शकतात, लगेच पशुवैद्याकडे न्या. आणि आत ठेवलेल्या थर्मामीटरने नोंदवलेला सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा पाठवणाऱ्याला त्याच दिवशी कळवा, म्हणजे पुढची पेटी भरताना तो वहीत असेल.