टायमिंगचा एक दात चुकला आणि फोंडा घाटात कळलं: घरी इंजिन जोडताना या चुका टाळा

मे महिन्यात आमच्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० चं हेड (इंजिनचा वरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह असतात) मी खळ्यातच उतरवलं, त्याच्या खालचं गॅस्केट, म्हणजे सील, गेलं होतं. पाऊस लागायच्या आत गाडी रस्त्यावर आणायची म्हणून जोडताना घाई केली आणि टायमिंग बेल्टचा, म्हणजे खालच्या क्रँकवरून (पिस्टनचा मुख्य दांडा) वरचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवणाऱ्या दातेरी पट्ट्याचा, एक दात चुकला. गंमत म्हणजे गाडी चालू झाली! देवगड बाजारात जाऊन यायला काही जाणवलं नाही, पण कोल्हापूरला निघालो तर फोंडा घाटात दुसऱ्या गिअरवर पण ओढेना आणि टेंपरेचरचा काटा वर वर.

एक दात म्हणजे किती हो, असं मलाही वाटायचं. समजा क्रँकच्या पुलीला २० दात आहेत, तर ३६० भागिले २० म्हणजे एका दाताला क्रँकचे १८ अंश, आणि व्हॉल्व्ह एवढे उशिरा किंवा लवकर उघडले तर सिलिंडर नीट भरणार कसा.

आणि इथेच माझी सगळ्यात मोठी चूक, जी बरेच जण करतात. सुरुवातीला इंजिन जरा अडखळत होतं म्हणून मी डिस्ट्रिब्युटर (प्लगना आळीपाळीने करंट वाटणारा भाग) सैल करून थोडा थोडा फिरवत आवाज सुधारला आणि झालं म्हटलं. पण डिस्ट्रिब्युटर फिरवून फक्त ठिणगीची वेळ बदलते, व्हॉल्व्हची नाही. डिस्ट्रिब्युटर पार टोकाला न्यावा लागतोय तरी पिकअप नाही, मग सरळ समजायचं की दोष बेल्टमध्ये आहे, कव्हर उघडा.

आता खुणा, म्हणजे बेल्ट चढवताना जुळवायच्या क्रँकच्या आणि कॅमच्या पुलीवरच्या खुणा. आमच्याकडे खारी हवा, त्यात चार महिने पाऊस, पुलीवरची खूण गंजाखाली कुठे गेली ते दिसतच नाही, मग माणूस कुठल्यातरी ओरखड्याला खूण समजतो. रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन आधी घासा, खूण सापडली की तिच्यावर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका द्या (घरात कोणाचं तरी असतंच). कॅमच्या पुलीवर कधी कधी एकाहून जास्त खुणा असतात, आणि बाहेरच्या फॅनबेल्टच्या पुलीवरची खूण वेगळ्या कामाची असते, आतल्या दात्यांच्या पुलीची वेगळी. मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवा, आठवणीवर जाऊ नका. गंज सोडवायला स्प्रे मारताना बेल्टवर एक थेंबही उडू देऊ नका, तेलाने बेल्टचं रबर खराब होतं. कॅमचं सील गळत असेल तर ते पण आत्ताच बदला.

बेल्ट चढवल्यावर लगेच सेल्फ मारायचा नाही. आमचे शेजारचे काका, ज्यांची हयात होडीची इंजिनं दुरुस्त करण्यात गेली, ते कुंपणापलीकडून ओरडलेले, "किल्ली मारू नको रे, आदी हातान फिरव!" ऐकलं असतं तर घाट वाचला असता. गिअर न्यूट्रल, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, सगळे प्लग बाहेर, आणि क्रँकच्या बोल्टला गोटी पाना लावून इंजिन ज्या दिशेला चालतं त्याच दिशेला दोन पूर्ण फेरे. एका फेऱ्यानंतर कॅमची खूण बरोब्बर उलट्या बाजूला दिसेल, घाबरू नका, क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. दोन फेऱ्यांनी दोन्ही खुणा जागेवर आल्या पाहिजेत. मध्ये कुठे कडक लागलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला असू शकतो, काही इंजिनांत तो वाकतोच. आपलं त्यातलं आहे की नाही माहीत नसेल तर आहे असंच धरा. खूण पुढे गेली म्हणून उलटं फिरवून मागे आणू नका, बेल्टचा ढिलेपणा भलत्याच बाजूला जातो, परत दोन फेरे मारा. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी चकती) मॅन्युअलमध्ये सांगितलाय त्या टप्प्यालाच घट्ट करायचा, आणि कॅमचा बोल्ट आवळताना पुली धरायला नवीन बेल्टचा आधार घ्यायचा नाही.

आता फटाका. सेल्फ मारला की कार्ब्युरेटरमधून फट्ट! आमच्या कोंबड्या माडाच्या बुंध्याकडे पळाल्या होत्या, हा वेगळाच एपिसोड. ठिणगी भलत्या वेळी पडली की असं होतं. पिस्टन वर येतो तो कॉम्प्रेशनला आणि एक्झॉस्टला, दोनदा, आणि खुणा जुळल्या म्हणजे एक नंबरचा सिलिंडर फायरिंगवरच आहे असं नाही, काही इंजिनांत तो तेव्हा एक्झॉस्टवर असतो. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर बोट ठेवून हळू फिरवा, हवा बोटाला ढकलत असताना पिस्टन वर आला तर ते कॉम्प्रेशन, तेव्हा त्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे तुकडे) सैल लागतात. रोटर (डिस्ट्रिब्युटरच्या आतला फिरणारा तुकडा) तेव्हाच एक नंबरच्या वायरकडे असला पाहिजे. वायरींचा क्रम ८०० मध्ये १-३-२, चार सिलिंडरच्या बऱ्याच गाड्यांत १-३-४-२, आणि रोटर कुठल्या दिशेला फिरतो ते आधी बघा, नाहीतर क्रम बरोबर आणि वायरी उलट.

खालचं कव्हर "नंतर लावू" म्हणून मी खोपीत ठेवलं होतं, ते तसंच राहिलं आणि पहिल्याच पावसात जांभ्याचा लाल चिखल थेट बेल्टवर. दोन फेरे मारून खुणा बघितल्या की लगेच कव्हर लावा.