धरण भरताना पाझराचा रंग पाहा

पावसाळ्यात मातीचे धरण भरू लागले की सगळ्यांचे लक्ष पाणी किती चढले याकडे असते. धोक्याची खूण मात्र बहुधा भरावाच्या कोरड्या बाजूला, पायथ्याशी दिसते. पाझर प्रत्येक मातीच्या धरणाला असतोच. तो नितळ असेल आणि पाणीपातळीप्रमाणे कमी-जास्त होत असेल तर घाबरू नये. गढूळ झाला, तर भरावाची माती आतून वाहून चालली आहे असे समजा.

विमोचकाचा, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याच्या दाराचा, नळ भरावातून जातो ती जागा, घुशी-खेकड्यांची बिळे, कुजलेली मुळे ही त्याची नेहमीची वाट. धरण भरत आले की रोज पायथ्याच्या चारीतले पाणी पारदर्शक बाटलीत घ्या, अर्धा तास हलवू नका, तळाशी गाळ बसतो का बघा. १० लिटरची बादली किती सेकंदांत भरते तेही पाणीपातळीसह लिहून ठेवा. पातळी तीच आणि बादली निम्म्या वेळात भरली, तर धरणावरच्या अभियंत्याला त्याच दिवशी कळवा. पाणी गढूळ असेल तर तासभरही थांबू नका. अमेरिकेतले टेटन हे सिंचनाचे धरण ५ जून १९७६ रोजी, पहिल्यांदाच भरत असताना फुटले. सकाळी गढूळ गळती दिसली आणि दुपारी बाराच्या आत भराव कोसळला.

गळतीच्या तोंडावर चिकणमाती किंवा ताडपत्री दाबू नका. पाणी शेजारून जोराने फुटते. पाणी जाऊ द्यायचे, माती अडवायची. त्यासाठी आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, मग मोठी खडी. हेही गळती लहान असेपर्यंत आणि अभियंत्यासमोरच. ती वाढत असेल तर भरावावर कोणी थांबू नये.

सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेवर, वाळूची पोती रचून हातभर जास्त पाणी अडवणे हा तर निव्वळ आत्मघात. सांडवा आणि माथा यांमधली मोकळी उंची पुरासाठी राखलेली असते. पाणी माथ्यावरून गेले की मातीचा भराव टिकत नाही. सांडव्यातली झुडपे, मासेमारीची जाळी पावसाआधीच काढा. धरण झपाट्याने रिकामे करण्याचा आग्रहही नको, कारण भिजलेला भराव पाण्याकडच्या बाजूने घसरतो.

नदीकाठच्या पाणी उपसायच्या मोटारी आणि गोठे पूररेषेच्या वर हलवायचे ते आधीच. इशारा आल्यावर मोटार सोडवायला पात्रात उतरू नका. जनावरांची दावी सोडा आणि नदीच्या कडेने न पळता तिच्यापासून आडवे, चढाकडे जा.