आयझिंग मॉडेलचं सिम्युलेशन: ग्राफ छान, उत्तर चूक. या चुका टाळा

एमएस्सीच्या प्रोजेक्टला आयझिंग मॉडेल घेणारे दरवर्षी असतातच, आणि त्यात नवल नाही. चौरस जाळीच्या प्रत्येक बिंदूवर एक स्पिन, म्हणजे इवलासा चुंबक, वर किंवा खाली. शेजारी एकाच दिशेला असले की ऊर्जा कमी. मॉन्टे कार्लोचा, म्हणजे रँडम नंबर वापरून एकेक स्पिन उलटवून बघण्याचा, सगळा प्रोग्राम पन्नासेक ओळींत बसतो. चुंबकाचं चुंबकत्व तापमान वाढवल्यावर कसं मावळतं ते त्यातून दिसतं. हेच मॉडेल तीन मितींत घेतलं, की तांबं-जस्ताच्या बीटा ब्रासमध्ये 740 केल्विनच्या आसपास अणूंची मांडणी कशी विस्कटते, तेही कळतं.

गोम अशी आहे की हा प्रोग्राम चुकला तरी बंद पडत नाही. कमी तापमानाला चुंबकत्व 1 च्या जवळ, जास्त तापमानाला शून्याजवळ आणि मध्ये घसरण, एवढं चित्र अर्ध्याअधिक चुकीच्या प्रोग्राममधूनही निघतं. गाईडही ग्राफ बघून मान डोलावतात. त्यामुळे ग्राफचा आकार बघून खूश होऊ नका, आकडे तपासा. द्विमितीय आयझिंगची तर चैनच आहे. लार्स ऑन्सागर यांनी 1944 मध्ये हे मॉडेल बाह्य चुंबकीय क्षेत्राशिवाय कागदावर पूर्ण सोडवून ठेवलंय. युग्मन स्थिरांक (शेजारी स्पिनमधल्या ओढीचं माप) आणि बोल्ट्झमन स्थिरांक दोन्ही 1 धरले तर क्रांतिक तापमान, म्हणजे जिथे चुंबकत्व मावळतं ते, 2.269 येतं आणि अनंत जाळीत तिथली दर स्पिन ऊर्जा −√2, म्हणजे −1.414.

आधी 2×2 ची जाळी चालवा

32×32 वर उडी मारण्याआधी 2×2 चालवा. आवर्ती कडा (उजवी कड डावीला, खालची वरचीला जोडलेली) घेतल्या तर एकूण अवस्था फक्त 16. दोन अवस्थांची ऊर्जा −8 (सगळे वर किंवा सगळे खाली), दोनांची +8 (बुद्धिबळाच्या पटासारख्या), उरलेल्या 12 अवस्थांची शून्य. सरासरी वहीच्या अर्ध्या पानात निघते. तापमान 1 ला दर स्पिन −1.996 आणि 2.269 ला −1.697. (क्रांतिक तापमानाला या गणितातला हायपरबोलिक कोसाइन बरोब्बर 17 येतो. हाताने करून बघा, मजा येते.) दहा-वीस लाख पावलांत तुमच्या प्रोग्रामने हे आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत बिनचूक द्यायलाच हवेत.

−3.99 आलं? प्रत्येक बंध दोनदा मोजला जातोय. चारही शेजाऱ्यांवर बेरीज केली असेल तर शेवटी 2 ने भागा, नाहीतर फक्त उजवा आणि खालचा शेजारी घ्या.

ऊर्जा नको तेवढी शून्याकडे सरकली, तर जवळपास नक्की समजा की नाकारलेल्या पावलांची मोजणी सुटली आहे. प्रत्येक पावलाला एक स्पिन उलटवायचा प्रस्ताव येतो, आणि ऊर्जा वाढत असेल तर तो बऱ्याचदा नाकारला जातो. नाकारला गेला, तरी आहे तीच अवस्था सरासरीत पुन्हा मिळवायची असते. मापनाची ओळ ‘इफ’च्या आत गेली की घात झाला. तापमान 1 ला सगळे स्पिन वर असताना एक उलटण्याची शक्यता तीन हजारांत एक. बाकीच्या पावलांना प्रोग्राम जागच्या जागी उभा असतो, आणि ते उभं राहणंच मोजायचं असतं. ही पद्धत मांडणाऱ्या मेट्रोपोलिस आणि सहकाऱ्यांच्या 1953 च्या मूळ लेखातही ही गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. तरी ही चूक अजून होतेच.

कडेला काय चाललंय?

स्पिन उलटल्यावर ऊर्जेत पडणारा फरक −8, −4, 0, 4, 8 यांपैकीच एक असतो. हा फरक काही वेळ छापून बघा. 2 किंवा 6 दिसला तर कडेच्या कुठल्यातरी स्पिनला तीनच शेजारी मिळताहेत.

सी भाषेतली चूक याहून छुपी. तिथे −1 % 32 चं उत्तर 31 येत नाही, −1 येतं. मग पहिल्या स्तंभातल्या स्पिनचा डावा शेजारी म्हणून आधीच्या ओळीतला शेवटचा स्पिन वाचला जातो, पहिल्याच ओळीत असाल तर ॲरेबाहेरची मेमरी. प्रोग्राम बिनबोभाट चालत राहतो. (i + 31) % 32 लिहा, प्रश्न मिटला. पायथनमध्ये % हे नीट वागतं.

पायथनवाल्यांची चूक वेगळी. लूप संथ चालतो म्हणून नमपाय लायब्ररीत अख्खी जाळी एका फटक्यात अपडेट करतात. सगळ्या स्पिननी एकाच वेळी शेजाऱ्यांकडे बघून निर्णय घेतला, तर सविस्तर संतुलन (दोन अवस्थांमधली ये-जा दोन्ही दिशांना सारखी असण्याची अट) मोडतं. पटासारख्या अवस्थेपासून सुरुवात केली तर दर फेरीला (जाळीतल्या सगळ्या स्पिनना एकेक संधी म्हणजे एक फेरी) सगळा पट उलटसुलट होत राहतो, निवळतच नाही, म्हणजे संतुलनाला येतच नाही. वेग हवा असेल तर आधी पांढरी घरं, मग काळी घरं, अशा दोन खेपा करा. जाळीची बाजू मात्र सम हवी. विषम बाजूला आवर्ती कडेवर दोन पांढरी घरं शेजारी येतात.

कमी तापमानाला चुंबकत्व शून्याकडे?

इथे प्रोग्राम बरोबर असू शकतो. यादृच्छिक सुरुवात करून तापमान एकदम खाली आणलं, की जाळीत वरच्या स्पिनचा एक पट्टा आणि खालच्यांचा एक पट्टा, अशी अवस्था अडकून बसते. शून्य तापमानाला असं साधारण तीनांत एकदा होतं. जाळीचं चित्र काढा, पट्टे लगेच दिसतील. उपाय सोपा आहे: सगळे स्पिन वर ठेवून सुरुवात करा, किंवा तापमान वरून हळूहळू उतरवा.

क्रांतिक तापमानाच्या जरा खाली वेगळा घोळ होतो. छोट्या जाळीत चुंबकत्व अधूनमधून आख्खंच उलटतं, त्यामुळे सरासरी शून्याकडे जाते. तिथे निरपेक्ष मूल्याची सरासरी घ्या.

एरर बार इतके लहान कसे?

प्रोजेक्ट रिपोर्टांत सर्वांत जास्त खोटं इथे बोललं जातं, आणि तेही अजाणता. एक लाख मापनं घेतली, प्रमाण विचलनाला एक लाखाच्या वर्गमुळाने भागलं, एरर बार छापला. पण लागोपाठची मापनं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. सहसंबंधाचा काळ (मापनं एकमेकांना विसरायला लागणारा वेळ) 500 फेऱ्यांचा असेल तर खरी त्रुटी छापलेल्या त्रुटीच्या तिसाहून अधिक पट असते.

क्रांतिक तापमानाला हा काळ जाळीच्या बाजूच्या साधारण 2.17 व्या घाताने वाढतो. 16 वरून 128 ला गेलात की तो नव्वदेक पट. 16 च्या जाळीला पुरलेल्या फेऱ्या 128 ला कुठल्याकुठे अपुऱ्या पडतात, आणि सुरुवातीला निवळण्यासाठी टाकून दिलेल्या फेऱ्याही तशाच.

त्रुटी काढायची सरळ रीत म्हणजे ब्लॉकिंग. मापनांचे लागोपाठ गट करा, प्रत्येक गटाची सरासरी घ्या, त्या सरासऱ्यांवरून त्रुटी काढा. गट दुप्पट-दुप्पट मोठे करत जा. त्रुटी वाढत वाढत एका जागी थांबली की तो आकडा खरा. थांबतच नसेल तर रन कमी पडलाय, कितीही कंटाळा आला तरी वाढवावाच लागेल. क्रांतिक तापमानाजवळच काम असेल तर एकेक स्पिन उलटवण्याचा हट्ट सोडा आणि 1989 चं वुल्फ अल्गोरिदम वापरा. ते एकाच दिशेच्या स्पिनचा झुबका वाढवत नेऊन तो सगळाच उलटवतं.

वुल्फ वापरताना रँडम नंबरकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. 1992 मध्ये फेरेनबर्ग, लँडाऊ आणि वाँग यांनी दाखवलं की एरवी उत्तम मानला जाणारा आर250 हा जनरेटर वुल्फबरोबर वापरला, तर ऊर्जा अचूक मूल्यापासून कितीतरी सिग्मा (प्रमाण त्रुटी) दूर जाते. त्याच कामाला जुनाट समजला जाणारा साधा जनरेटर बरा ठरला. ही चूक उघडी पडली ती द्विमितीय आयझिंगचं अचूक उत्तर हाताशी होतं म्हणूनच. त्रिमितीय मॉडेलचं असं उत्तर नाही, त्यामुळे तीन मितींत जाण्याआधी जनरेटर दोन मितींत तपासून घ्या.

क्लस्टरवर पन्नास जॉब एकदम टाकणाऱ्यांसाठी आणखी एक. सीड (जनरेटरला सुरुवातीला दिलेली संख्या) म्हणून घड्याळाचे सेकंद दिले, तर एकाच सेकंदात सुरू झालेले जॉब तंतोतंत तेच नंबर वापरतात. पन्नास रनांची सरासरी म्हणजे एकाच रनाच्या पन्नास प्रती. जॉबचा क्रमांक सीडमध्ये मिसळा आणि सीड आउटपुट फाइलमध्ये छापा.

शिखर भलतीकडेच

विशिष्ट उष्णतेचं शिखर 2.269 ला न येता जरा बाजूला आलं तर घाबरू नका. जाळी सांत (मर्यादित) आहे, शिखर सरकणारच. जाळी मोठी करत गेलात की ते जागेवर येत जातं. पण जाळी मोठी केल्यावर शिखराची उंची कमी होत असेल तर ती नक्की चूक. दर स्पिन ऊर्जेचं प्रचरण (व्हेरियन्स) घेतलंय आणि स्पिनच्या संख्येने गुणायचं राहिलंय. खरं शिखर अगदी हळू, लॉगॅरिदमच्या गतीने, वर चढतं.

क्रांतिक तापमान शिखरावरून काढूच नका. बाइंडर क्युम्युलंट काढा: चुंबकत्वाच्या चौथ्या घाताच्या सरासरीला वर्गाच्या सरासरीच्या वर्गाने भागा, मग 3 ने भागा, आणि ते 1 मधून वजा करा. 16, 32 आणि 64 च्या जाळ्यांचे वक्र एकाच ग्राफवर काढले की ते 2.27 च्या आसपास, 0.61 या उंचीला एकमेकांना छेदतात. 16 आणि 32 चे वक्र नीट छेदले आणि 64 चा मात्र दुसरीकडेच गेला, तर कोड उसवत बसण्याआधी 64 चा रन चौपट करून बघा.