किटच्या जोडावरची पुट्टी: घासण्याआधी आणि घासताना

प्लास्टिकच्या मॉडेल किटमधल्या विमानाच्या बॉडीचे दोन भाग चिकटवले, फटीत पुट्टी भरली, घासली, हाताला गुळगुळीतही लागली. रंग दिल्यावर दोन दिवसांत पाठीवर मधोमध रेघ उमटते. असं झालं की नवखे लोक सँडपेपरला दोष देतात. खरं कारण बहुतेक वेळा घाई हे असतं.

ट्यूबमधली नेहमीची पुट्टी सॉल्व्हंटवर चालते. सॉल्व्हंट उडतो तशी ती आकसते. थर जाड असेल तर वरून कडक होतो आणि आत ओला राहतो. तो आज सपाट घासला तरी नंतर खाली बसतो. म्हणून एका वेळी अर्धा मिलिमीटरच थर द्यावा आणि दोन थरांमध्ये एक रात्र जाऊ द्यावी. फट एक मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असेल तर पुट्टीच्या भरवशावर राहू नका. आधी प्लास्टिकची पट्टी चिकटवून ती बुजवा, मग उरलेल्या बारीक भेगेपुरती पुट्टी लावा. सिमेंटला, म्हणजे प्लास्टिकचे भाग जोडायच्या गोंदालाही हाच नियम लागू आहे. त्याने जोडाजवळचं प्लास्टिक मऊ होतं, त्यामुळे चिकटवल्यावर निदान २४ तास जोडाला हात लावू नये.

सुपरग्लू आकसत नाही, म्हणून अनेकांना तो आवडतो. पण तो पूर्ण मुरला की प्लास्टिकपेक्षा कडक होतो. मग घासताना शेजारचं मऊ प्लास्टिक झिजतं आणि गोंदाचा उंचवटा तसाच राहतो. त्यामुळे भरल्यावर तासाभरात घासून मोकळं व्हावं. पुट्टीचं उलट आहे. ती प्लास्टिकपेक्षा मऊ असते, म्हणून नुसत्या बोटाखाली पेपर धरून घासलं तर बोट जोडातच दबतं आणि तिथे पन्हळ पडते. सपाट पंखावर पेपर ठोकळ्याला गुंडाळा. गोल बॉडीवर लवचिक सँडिंग स्टिक वापरा.

गोल बॉडीवर दिशा फार महत्त्वाची. बूट पुसताना फडकं जसं वळणावरून फिरतं तसं जोडाला आडवं, गोलाईवरून फिरवत घासा. जोडाच्या लांबीने घासत गेलात तर गोलाई जाते आणि सपाट पट्टा तयार होतो. तो पुन्हा भरून काढणं फार किचकट.

सुरुवात ४०० ग्रिटच्या वॉटर पेपरने (पाण्यात भिजवून वापरायचा सँडपेपर; ग्रिटचा आकडा मोठा तितका पेपर बारीक), मग ६००, ८०० आणि १०००. पुढच्या पेपरचं काम एकच, आधीच्या पेपरचे ओरखडे काढणं. एखादी पायरी गाळली की ओरखडे रंगातून डोकावतात. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका. पेपर चोंदत नाही आणि धूळही उडत नाही. रेझिनचे भाग घासताना मात्र मास्क लावाच.

पुट्टी भरताना जोडाच्या दोन्ही बाजूंना एक-दोन मिलिमीटर अंतरावर टेप लावा आणि पुट्टी ओली असतानाच टेप काढा. घासायचं क्षेत्र बरंच कमी होतं, आजूबाजूचे रिव्हेट (खिळ्यांचे बारीक ठिपके) वाचतात. पंख बॉडीला जिथे मिळतो तिथे पाण्यावरची पुट्टी भरून ओल्या कापसाच्या काडीने पुसून घ्या. घासायची वेळच येत नाही.

आता परीक्षा. प्लास्टिक एका रंगाचं, पुट्टी दुसऱ्या रंगाची, अशा पृष्ठभागावर डोळे हमखास फसतात. करड्या प्रायमरचा पातळ हात मारा आणि दिवा बाजूने, अगदी तिरपा धरून बघा. बारीक छिद्र दिसलं तर तो हवेचा बुडबुडा. ब्रशने घट्ट लिक्विड प्रायमरचा ठिपका भरा. एक कड उंच दिसली तर दोष पुट्टीचा नाही, दोन भाग पातळीत चिकटलेले नाहीत. उंच बाजू चाकूच्या पात्याने खरवडावी लागेल. चंदेरी रंग द्यायचा असेल तर प्रायमरनंतर २००० ग्रिटपर्यंत जा, कारण तो रंग काहीच लपवत नाही.

घासताना बुजलेल्या पॅनल लाइन, म्हणजे विमानाच्या पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या कोरीव रेघा, शेवटी कोरायच्या. जाड टेपचा आधार घेऊन आधी चार-पाच हलके हात फिरवा, जोर नंतर. पुट्टीत कोरलं की कडा तुटतात, म्हणून पॅनल लाइन जोड ओलांडते त्या जागी भरणं सुपरग्लूनेच करा. आणि भरायला घेण्याआधी खऱ्या विमानाचे फोटो बघा. काही जोड खऱ्या पॅनलच्या रेघेवरच आलेले असतात, ते बुजवायचे नसतात.