स्पोर्ट्स कारमध्ये कुठलं पेट्रोल भरायचं: ऑक्टेन वेगळं, इथेनॉल वेगळं

आधी एक गोंधळ मिटवूया. प्रीमियम पेट्रोल म्हणजे बिनइथेनॉलचं पेट्रोल असं जे पार्किंगमध्ये आणि पंपावर छातीठोकपणे सांगितलं जातं ना, ते चूक आहे. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल दाबाखाली आपोआप न पेटता किती तग धरतं त्याचा आकडा, आणि इथेनॉल म्हणजे त्यात मिसळलेलं अल्कोहोल, आपल्याकडे बरंचसं उसातून आलेलं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उलट इथेनॉलचं स्वतःचंच ऑक्टेन १०८च्या घरात असतं, त्यामुळे ते घातलं की आकडा वाढतोच. म्हणून पंपावर ९५ लिहिलंय म्हणजे त्यात इथेनॉल नाही असं अजिबात नाही.

देशात १० टक्क्यांचं मिश्रण जून २०२२ मध्येच गाठलं गेलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२० (म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल; ई५, ई१० तसंच) पंपांवर यायला लागलं, आणि २०२५ पर्यंत साधं पेट्रोल म्हणजे ई२० अशीच परिस्थिती झाली. ऊसवाल्या घरातल्या माणसाला हे आवडेल, आणि त्यात काही वाईट नाही, पण १५ वर्षांपूर्वी जर्मनीत बनलेल्या गाडीला त्याचं काही घेणंदेणं नाही.

आता कामाचं. पंपावर जायच्या आधी पेट्रोलच्या झाकणाच्या आतला स्टिकर वाचा, तिथे नसेल तर मॅन्युअल काढा. दोन गोष्टी बघायच्या, किमान ऑक्टेन किती आणि इथेनॉल किती टक्क्यांपर्यंत चालतं. युरोपातून आलेल्या नवीन गाड्यांवर गोल चिन्हात ई५, ई१० असं लिहिलेलं असतं, त्यात ई२० नसेल तर कंपनीने त्या गाडीला ई२० चालेल असं म्हटलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ, लगेच इंजिन बसेल असा नाही. एप्रिल २०२३ नंतर इथे बनलेल्या गाड्यांचे पाइप, सील वगैरे ई२०साठी चालणारे असतात, तुमची गाडी त्यातली असेल तर इथेनॉलची चिंता सोडा आणि फक्त ऑक्टेनकडे बघा. त्याआधीची असेल तर डीलरला ईमेल करून लेखी उत्तर मागवा. काउंटरवरचा "काही होत नाही सर" हा पुरावा नसतो.

अमेरिकेतून कोणी नातेवाईक सांगत असेल की आमच्याकडे ९१ भरतो तर तो आकडा जसाच्या तसा घेऊ नका. तिकडच्या पंपावरचा आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात, तिकडचं ९१ म्हणजे आपल्या हिशोबात साधारण ९५-९६, आणि न्यू जर्सीतलं ९३ म्हणजे आपलं साधारण ९८. अमेरिकेतून आलेली गाडी किंवा तिकडचं मॅन्युअल असेल तर इथेच घोळ होतो.

ऑक्टेनचं म्हणाल तर ते ताकदीचं टॉनिक नाही. इंजिनने मागितलं त्यापेक्षा जास्त ऑक्टेन भरून साध्या गाडीला काही मिळत नाही, बिल तेवढं वाढतं. पण टर्बो इंजिन, जास्त कॉम्प्रेशन, आणि दुपारी दोन वाजता पनवेलजवळ ट्रॅफिकमध्ये तापलेली गाडी, इथे फरक पडतो. कमी ऑक्टेनवर नॉकिंग सुरू होतं, म्हणजे पेट्रोल आपोआप भलत्या वेळी पेटतं, नॉक सेन्सर ते पकडतो, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर इग्निशनचं टायमिंग मागे घेतो, आणि गाडी एकदम मऊ पडल्यासारखी वाटते. पोर्शच्या बऱ्याच मॉडेल्सना ९८ सांगितलेलं असतं, ९५ चालतं पण थोडी ताकद कमी करून. चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय घेऊन रीमॅप मारलेली, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून घेतलेली मंडळी पुण्यात भरपूर आहेत, त्यांच्यासाठी तर कंपनीचा स्टिकर कामाचाच नाही, ज्याने रीमॅप केलं त्याला विचारा की मॅप कुठल्या ऑक्टेनवर बनवलाय. ९७वर बनवलेला मॅप आणि टाकीत हायवेवरचं साधं पेट्रोल, हे कॉम्बिनेशन पिस्टनला महागात पडतं.

इथेनॉल नेमकं करतं काय? एक तर लिटरमागे ऊर्जा कमी, पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. नीती आयोगाच्या २०२१च्या रोडमॅपमध्येच लिहिलंय की बिनइथेनॉलसाठी डिझाइन केलेल्या आणि ई१०वर कॅलिब्रेट केलेल्या चारचाकींचं मायलेज ई२०वर ६-७ टक्के घटतं. स्पोर्ट्स कारवाला मायलेज बघत नाही हे मान्य, पण त्याचं दुसरं टोक महत्त्वाचं आहे. त्याच हवेला जास्त इंधन लागतं, ई१० वरून ई२० वर गेलात की साधारण ४ टक्के. आजकालची गाडी ऑक्सिजन सेन्सर बघून हे स्वतः भरून काढते. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीला ते जमत नाही, मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि इंजिन गरम चालतं. आणि जुने रबरी पाइप, कॉर्कची गॅस्केटं, काही फायबरच्या टाक्या, हे सगळं इथेनॉलने फुगतं, भेगाळतं किंवा विरघळायला लागतं. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आठवतेय का? तशी एखादी किंवा जुनी कन्व्हर्टिबल तुमच्याकडे असेल तर पेट्रोल शोधत बसण्यासोबत फ्युएल लाइन बदलून घ्या, व्हिटॉनच्या (इंधनाला टिकणाऱ्या खास रबराच्या) सील आणि इथेनॉलला टिकणारा पाइप, खर्च फार नाही आणि गळती म्हणजे आग, हे लक्षात असू द्या.

आता पंप. बिनइथेनॉलचं हवं असेल तर आपल्याकडे लोक १०० ऑक्टेनच्या मागे असतात, कारण ९५वाल्यासारखं नाही, हे बिनइथेनॉलचं म्हणून ओळखलं जातं. इंडियन ऑइलचं एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये आलं आणि पहिल्या दहा शहरांत मुंबई-पुणे होतं, नंतर एचपीचं पॉवर १०० वगैरे. भाव साध्या पेट्रोलच्या साधारण दीडपट. सगळ्या पंपांवर मिळत नाही, कंपनी स्वतः चालवते ते कोको पंप आधी बघा, आणि जिथे महागड्या गाड्या खरंच भरायला येतात तिथेच जा, कारण खप नसलेल्या पंपावर ते जमिनीखालच्या टाकीत पडून राहतं. शेवटचा टँकर कधी आला हे बिनधास्त विचारा.

एक सावधानी मात्र घ्याच. मार्च २०२४ पासून काही पंपांवर "इथेनॉल १००" नावाचं इंधन विकायला ठेवलंय, महाराष्ट्रातही. ते जवळपास शुद्ध इथेनॉल आहे, फ्लेक्स फ्युएल गाड्यांसाठी, म्हणजे कितीही इथेनॉल चालणाऱ्या गाड्यांसाठी. पंपावरच्या पोराला नुसतं "शंभरवालं टाक" म्हणू नका, पूर्ण नाव सांगा आणि नोझल टाकीत जायच्या आधी मशीनवरचं नाव स्वतः वाचा.

आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे की नाही याची खात्री हवी असेल तर टेस्ट करा, पाच-दहा मिनिटांचं काम. १०० मिलीचा खुणा असलेला काचेचा सिलिंडर घ्या, लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. १० मिली पाणी घाला, वर १००च्या खुणेपर्यंत पेट्रोल, बूच लावून हलवा, मधूनच बूच थोडं सैल करून वाफ सोडा, आणि ठेवून द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं, पेट्रोल वर राहतं. खालचा थर १०वरच थांबला तर इथेनॉल नाही, १८-१९ झाला तर ई१०, २७-२८ झाला तर ई२०. पंपाच्या आवारात हे करू नका, मोकळ्या जागी, आजूबाजूला विडी-सिगरेट नाही असं बघून, आणि नंतर ते पेट्रोल गटारात ओतू नका. पंपावरची फिल्टर पेपर टेस्ट मागायचा हक्क तुम्हाला आहेच, पण ती भेसळीसाठी, इथेनॉल त्यात कळत नाही. डेन्सिटीच्या आकड्यावरूनही नाही.

दर वेळी दीडपट पैसे मोजायची गरज आहे का? मला वाटतं बहुतेकांना नाही. स्टिकरवर ई१० चालतं असं असेल तर मिसळून भरा. टाकी ५० लिटरची धरा, २५ लिटर बिनइथेनॉलचं १०० आणि २५ लिटर ९५चं ई२०, झालं की ई१०, ऑक्टेन ९७च्या आसपास. ई५च चालत असेल तर टाकीत १० लिटर ई२० उरलेलं असताना वर ४० लिटर १००चं भरा, इथेनॉल ४ टक्क्यांवर येतं. गाडीत ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावत असाल तर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडी स्वतःहून किती टक्के जास्त-कमी इंधन सोडते तो आकडा, बघत जा, तो कायम +१० टक्क्यांच्या वर असेल किंवा पी ०१७१ (मिक्श्चर लीन) हा कोड आला तर एकटं पेट्रोल बदलून भागणार नाही, इंजेक्टर, गाडीतला फ्युएल पंप आणि हवेची गळती तपासून घ्या.

काही उद्योग करूच नका. इथेनॉल काढून टाकणारं ॲडिटिव्ह म्हणून बाटल्या विकतात, कुठलीही बाटली टाकीतलं इथेनॉल काढत नाही. घरी ड्रममध्ये पाणी घालून पेट्रोल "धुणारे" महाभाग तर त्याहून भारी, इथेनॉल जातं खरं पण त्यासोबत ऑक्टेनही जातं आणि वर पाण्याचा अंश गाडीत, आगीचा धोका वेगळाच. ऑक्टेन बूस्टरच्या काही बाटल्यांत धातूची संयुगं असतात, प्लगवर लालसर थर बसतो. आणि प्रीमियम पेट्रोलने इनटेक व्हॉल्व्ह साफ होतात हे डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत विसरा, तिथे पेट्रोल व्हॉल्व्हवर पडतच नाही.

राहिला पावसाळा. बरेच जण जूनपासून गाडी कव्हरखाली टाकतात ते थेट गणपती-दसऱ्याला बाहेर काढतात. ई२० हवेतली ओल धरतं, पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, नेमकं गाडीतला फ्युएल पंप जिथून ओढतो तिथे. नव्या गाडीची टाकी बऱ्यापैकी सीलबंद असते, तिला हा त्रास कमी, जुन्या गाडीला जास्त, त्यात कोकणात किंवा गोव्यात असाल तर बघायलाच नको. उभी करायच्या आधी टाकी जवळजवळ रिकामी होईपर्यंत चालवा, मग बिनइथेनॉलचं भरा, नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबा, वरून कोंबून भरलं तर टाकीतली वाफ धरणारा कोळशाचा कॅनिस्टर भिजतो. बरोबर फ्युएल स्टॅबिलायझर टाका आणि भरल्यावर दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे लाइनमध्ये आणि इंजेक्टरपर्यंत तेच पेट्रोल पोचेल.