वॉकी-टॉकीचं सर्किट कसं वाचावं

सर्किटचा आराखडा पहिल्यांदा उघडला की बहुतेकजण अँटेनापासून सुरुवात करतात आणि दहा मिनिटांत हरवतात. त्यापेक्षा दोन रंगीत पेन्सिली घ्या : लाल हुकमांसाठी, निळी आवाजासाठी.

लाल पेन्सिल आधी पीटीटी (पुश-टू-टॉक, बोलताना दाबायच्या) बटणावर ठेवा. हे बटण ट्रान्समीटर थेट चालू करत नाही, मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे सेटच्या छोट्या संगणक-चिपला, फक्त इशारा देतं. तो मेमरीतून चॅनेलची माहिती वाचतो आणि पीएलएलला (हवी ती फ्रिक्वेन्सी नेमकी धरून ठेवणाऱ्या सर्किटला) भागाकाराचा आकडा पाठवतो. १५० मेगाहर्ट्झ हवे असतील आणि संदर्भ ५ किलोहर्ट्झचा असेल, तर आकडा ३०,०००. ऑसिलेटरची (लहर तयार करणाऱ्या भागाची) फ्रिक्वेन्सी या आकड्याने भागून क्रिस्टलवरून काढलेल्या संदर्भाशी जुळली की पीएलएल ‘लॉक’ होतो. लॉक नसेल तर बहुतेक सेट प्रक्षेपण करतच नाहीत.

आता निळी पेन्सिल माइकवर. अॅम्प्लिफायरनंतर प्री-एम्फसिस येतं, म्हणजे दर ऑक्टेव्हला (फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की) ६ डेसिबल या हिशेबाने वरचे स्वर उचलले जातात. पुढे लिमिटर मोठ्या आवाजाचे शेंडे छाटतो. छाटण्यातून नको ते हार्मोनिक्स (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले स्वर) तयार होतात, म्हणून सुमारे ३ किलोहर्ट्झचा लो-पास (त्यावरचं गाळणारा) फिल्टर त्याच्यानंतरच असतो. तो आधी असता तर शेजारच्या चॅनेलवाल्यांना आपली खरखर ऐकावी लागली असती.

पुढच्या जागी मात्र सावकाश थांबा, कारण इथे लाल आणि निळी रेघ एकत्र येते. सीटीसीएसएस टोन (आपल्याच गटाचा सेट ओळखण्यासाठी बोलण्यासोबत जाणारा खालचा स्वर), साधारण ६७ ते २५० हर्ट्झचा, अनेक सेटमध्ये मायक्रोकंट्रोलरच बनवतो, आणि तो लिमिटरनंतर आवाजात मिसळला जातो. घेणाऱ्या सेटमध्ये डिस्क्रिमिनेटरनंतर (रेडिओ लहरीतून आवाज काढणाऱ्या भागानंतर) तीन फाटे शोधा. एक टोन ओळखणाऱ्या भागाकडे जातो. दुसरा ३०० हर्ट्झखालचं गाळून, डी-एम्फसिस करून (उचललेले स्वर परत खाली आणून) स्पीकरकडे. तिसरा आवाजाच्या पट्ट्याहून वरच्या फ्रिक्वेन्सीची खरखर मोजतो. वाहक लहर आली की ती खरखर घटते आणि सिग्नल नसताना स्पीकर मुका ठेवणारा स्क्वेल्च उघडतो. सिग्नलचा दिवा लागतो पण स्पीकर मुका, असं झालं तर आधी टोनची सेटिंग तपासा. (स्पीकर बदलून झाल्यावर हे आठवणारे कमी नाहीत.)

डीएमआर (डिजिटल) सेटमध्ये निळी रेघ एका चिपमध्ये शिरते आणि मल्टिमीटरचा उपयोग तिथे संपतो. आत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात. व्होकोडर (बोलणं थोडक्या बिटांत बसवणारा भाग) २०-२० मिलिसेकंदांचे तुकडे करून त्यांचं वर्णन २,४५० बिट प्रति सेकंदात बसवतो. चूकदुरुस्तीचे बिट धरून ३,६००. असे तीन तुकडे, म्हणजे ६० मिलिसेकंदांचं बोलणं, ३० मिलिसेकंदांच्या एका खिडकीतून जातं. उरलेली खिडकी दुसऱ्या संभाषणाला मोकळी.

पीटीटी दाबून मोजमाप घेण्यापूर्वी अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (प्रक्षेपणाची शक्ती उष्णतेत जिरवणारा रोधक) लावा. त्याशिवाय दाबलंत तर शेवटचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.