चौकटीच्या वहीने सुटलेला ब्रेडबोर्डचा गुंता

रावेरला आमच्या केळीच्या बागेसाठी माती सुकली की वाजणारा बझर जोडत होतो. ४०० छिद्रांच्या ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता सर्किट जोडायची पाटी) ५५५ ही टायमर चिप एका टोकाला, एलएम३९३ ही दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप दुसऱ्या टोकाला. लांब वायरींचं नुसतं जाळं. बझर ओल्या मातीतही मध्येच चिरकायचा.

सगळं उपसलं. चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे एक छिद्र धरून आधी आराखडा काढला. दोन्ही आयसी (चिप) मधल्या खाचेवर, पिन १ डावीकडे वर. ५५५ वर, त्याखाली एक ओळ सोडून ३९३. त्यामुळे ३९३ ची आउटपुट पिन १ थेट ५५५ च्या रीसेट पिन ४ (टायमर थांबवणारी पिन) खाली आली. इवलीशी वायर पुरली. तिथूनच १० किलोओहमचा रेझिस्टर प्लसला, कारण ३९३ चं आउटपुट ओपन कलेक्टर असतं, म्हणजे ते फक्त मायनसकडे ओढतं, प्लसकडे स्वतः नेत नाही. सप्लायमधले झटके शोषायला ५५५ च्या पिन १ (मायनस) आणि ८ (प्लस) मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अगदी चिकटून बसवला. चिरकणं थांबलं, आणि अर्धा बोर्ड मोकळा राहिला.